आरडी ३५०चे हेड स्टड: १२.९ घेऊ की ईएन २४चे करून घेऊ?

धुरकट_नाशिककर

मंडळी, गाडी राजदूत ३५०, म्हणजे आपली आरडी ३५०, १९८५ची, हाय टॉर्क मॉडेल. रस्त्यावर आता काढत नाही. पोर्टिंग (सिलिंडरच्या खिडक्या घासून मोठ्या करणं) झालंय, एक्स्पान्शन चेंबर (रेसिंगचे फुगीर सायलेन्सर) आहेत, हेड खालून घासून कॉम्प्रेशन वाढवलंय. थंडीत कोइम्बतूरला कारी स्पीडवेच्या रेस ट्रॅकवर पळवायची आहे, म्हणून इंजिनचा वरचा भाग उघडला. हेड आणि सिलिंडर क्रँककेसला आवळून धरणाऱ्या, दोन्ही टोकांना आटे असलेल्या दांड्या म्हणजे स्टड, प्रश्न त्यांचा आहे.

उजव्या सिलिंडरच्या गॅस्केटवर सायलेन्सरच्या बाजूला, बरोबर दोन स्टडच्या मधे, काळा पट्टा निघाला. म्हणजे तिथून गॅस बाहेर पडत होता. हेड सपाट आहे का बघायला जाड काचेवर निळा रंग लावून फिरवलं, सपाट आहे. मग आठही स्टड काढून सरफेस प्लेटवर शेजारी शेजारी उभे केले. सहा एका उंचीचे, दोन साधारण अर्धा मिलिमीटर उंच. आणि ते दोन त्याच काळ्या पट्ट्याच्या आजूबाजूचे. त्यांच्यावर नवा नट बोटाने फिरवला तर पहिले चार-पाच आटे मोकळा जातो, मग अडतो, जरा जोर लावला की पुढे पुन्हा मोकळा.

हे स्टड आधीच्या मालकाने टाकलेले. टोकावर १२.९ असा ताकदीचा ग्रेड उमटवलाय. मला विकताना त्याने अभिमानाने सांगितलं होतं, "रेसिंग ग्रेड आहे."

मोजमापं देतो: स्टड ८ मिमी, आटा १.२५चा (म्हणजे दोन आट्यांत १.२५ मिमी अंतर), एका सिलिंडरला चार. नटाखालून क्रँककेसच्या तोंडापर्यंत साधारण १०० मिमी. आता बाजारातून खात्रीचे १२.९ शोधू, की अंबडला कुणाकडून ईएन २४ जातीच्या पोलादाचे बनवून घेऊ? एक मित्र टायटेनियमच्या मागे लागलाय.

स्पॅनर_१४

१२.९ असून ताणले गेले? मग आता काय घेणार भो, १५.९? वाचतोय.

सिडको_टूस्ट्रोक

एवढा विचार कशाला. चांगल्या ब्रँडचे १२.९ आणायचे, पान्याला पाईप लावून आवळायचे, विषय संपला. माझ्या यामाहा आरएक्सला तेच केलंय. मजबूत ते मजबूत.

टूलरूमवाले_काका

सिडको, पाईप लावून आवळलेल्या आरएक्सचे क्रँककेस माझ्याकडे हेलिकॉइल (उपटलेल्या आट्यांच्या जागी बसवायची तारेची गुंडाळी) बसवायला येतात, त्यामुळे माझी तक्रार नाही.

धुरकट, तुझं वर्णन वाचून आधी एकच सांगतो. ते दोन स्टड कायमचे लांबले आहेत. नट जिथे अडतो तिथे आट्यांमधलं अंतर वाढलंय, म्हणून नवा नट बसत नाही. आणि खरा १२.९ त्या जागी असा लांबणार नाही, आधी तुझ्या क्रँककेसचे आटे उपटून येतील. त्यामुळे त्या शिक्क्यावर माझा विश्वास नाही. एक स्टड कापून रॉकवेल मशीनवर, म्हणजे कडकपणा मोजायच्या मशीनवर, टेकव. ८.८ असेल तर सी स्केलवर २२ ते ३२च्या मधे काटा थांबतो, १०.९ला ३२ ते ३९, १२.९ला ३९ ते ४४. सातपूरला कुठल्याही टूलरूममध्ये हे पाच मिनिटांचं काम आहे.

आता ग्रेडचं. पहिला आकडा गुणिले १०० म्हणजे तुटण्याची ताकद एमपीएमध्ये (चौरस मिमीला किती न्यूटन), आणि दुसरा सांगतो की त्या ताकदीच्या किती हिश्शाला तो कायमचा लांबायला लागतो. ८.८ म्हणजे ८०० आणि त्याचे आठ दशांश, ६४०. आयएस १३६७ या भारतीय मानकात सगळं दिलेलं आहे. पण हेड दाबून धरायचं काम ग्रेड करत नाही. ते काम स्टड किती ताणलास त्यावर होतं. ८.८चा स्टड १५ किलोन्यूटनला ताणला आणि १२.९चा स्टड १५ किलोन्यूटनला ताणला, तर हेडला दोघांतला फरक कळतसुद्धा नाही. पोलाद तेच, ताणलं की दोन्ही सारखेच लांबतात. चांगल्या ग्रेडचा फायदा एवढाच की तो आणखी पुढे ताणता येतो आणि तरी मागे येतो.

मग किती ताण लागतो ते बघ. तुझा बोअर ६४ मिमी. क्षेत्रफळ ३२१७ चौरस मिमी. इतक्या ट्यून केलेल्या टू-स्ट्रोकमध्ये कमाल दाब ७० बार धरू. हेड वर ढकलणारा जोर साडेबावीस किलोन्यूटन, चार स्टडमध्ये वाटला तर प्रत्येकी साडेपाच-पावणेसहा. प्रत्येक स्टड १५ला ताणलास तर अडीच पटीहून जास्त पकड झाली. ८ मिमीचा, १.२५ आट्याचा ८.८चा स्टड २१ किलोन्यूटनपर्यंत बेधडक चालतो. म्हणजे कागदावर ८.८ पुरतो.

पण हा हिशेब थंड इंजिनचा. जेवण झालं की गरम इंजिनचं लिहितो.

स्पॅनर_१४

काकांनी इंटरव्हल घेतला. +१ आत्तापर्यंतच्या प्रतिसादाला.

देवळाली_बोनी

अवांतर: माझी ट्रायम्फ टी १२० बोनव्हिल आहे, युनिटच्या आधीची, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स वेगळे असलेली. तिथे हेडचे आठ बोल्ट कास्ट आयर्नच्या ब्लॉकमध्ये जातात. १९६३ला युनिट इंजिन आलं तेव्हा कंपनीने दोन सिलिंडरच्या मधे नववा बोल्ट दिला. म्हणजे ग्रेड वाढवण्याऐवजी त्यांनी बोल्ट वाढवला. काका, या हिशेबात हे कसं बसतं?

टूलरूमवाले_काका

आलो. बोनीवाले, छान बसतं. दोन बोल्टमधलं अंतर जास्त असलं की हेड मधे किंचित वर वाकतं, गॅस तिथूनच निसटतो. जवळचे बोल्ट कितीही मजबूत केले तरी मधल्या पट्टीतला दाब तेवढा वाढत नाही. धुरकटचा काळा पट्टा दोन स्टडच्या मधेच आहे, ते यामुळेच. त्याला आरडीमध्ये पाचवा स्टड बसवायला जागा नाही, म्हणून आहेत ते चार समान ताणलेले राहणं त्याच्यासाठी जास्त महत्त्वाचं.

आता गरम इंजिन. सिलिंडर आणि हेड अॅल्युमिनियमचं, स्टड पोलादाचा. अॅल्युमिनियम दर अंशाला मीटरमागे २३ मायक्रॉन वाढतं, पोलाद साडेअकराच्या आसपास. ट्रॅकवर सिलिंडर १२० अंशांनी तापला आणि स्टड जरा कमी, १०० अंशांनी, असं धरू. १०० मिमी पकडीत अॅल्युमिनियम ०.२८ मिमी वाढलं, स्टड ०.१२पेक्षा थोडा कमी. फरक ०.१६ मिमी. हा फरक जाणार कुठे? अॅल्युमिनियम थोडं दबणार, बाकीचं स्टडला ताणावं लागणार.

८ मिमी सरळ जाडीचा स्टड घेतला, अॅल्युमिनियमच्या दबण्याचाही हिशेब धरला, तर दर स्टडवर साधारण १० किलोन्यूटन जास्तीचे चढतात. १५ होते, २५ झाले. ८.८ तर साडेतेवीसच्या आसपासच कायमचा लांबायला लागतो. रेसमधून परत आलास, इंजिन थंड झालं, अॅल्युमिनियम आकसलं, पण स्टड लांबलेला तसाच. पकड गेली. पुढच्या वेळी गॅस्केट सुटायला लागतं आणि आपण म्हणतो, "गॅस्केट खराब मिळालं." तुझ्या दोन स्टडचं हेच झालंय असं मला वाटतं. सायलेन्सरची बाजू सगळ्यात गरम.

यावर दोन उपाय आणि दोन्ही एकदम करायचे. स्टड १०.९च्या ताकदीचा कर, म्हणजे तीस किलोन्यूटनपर्यंत तो बिनधास्त. आणि मधली दांडी बारीक कर, ६.६ मिमी. बारीक दांडी जास्त लवते, त्यामुळे त्याच ०.१६ मिमीला १०च्या ऐवजी ८च्या आतबाहेर जोर चढतो. तुझ्या क्रँककेसच्या जुन्या आट्यांवरही तेवढा भार कमी. बाजेची दोरी आणि लोखंडी सळई दोन्ही सारख्याच घट्ट ओढल्या, आणि मग बाजेचा पाय जरा सरकला, तर कुणाचा ताण टिकेल ते सांगायला नको.

१२.९ जाड दांडीचा टाकलास तर स्टडला काही होणार नाही, मान्य. पण वाढलेला सगळा जोर चाळीस वर्षांच्या अॅल्युमिनियमच्या आट्यांवर. तिथे तुटणारी वस्तू स्टड नसते.

स्पॅनर_१४

एक शंका. तुमचा हिशेब खरा मानला तर कंपनीचे मूळ स्टड रोज ताणले जाऊन आत्तापर्यंत सगळ्या आरडी गळायला हव्यात. फरीदाबादहून निघालेल्या गाड्या अजून मूळ स्टडवर फिरतायत की.

टूलरूमवाले_काका

रास्त शंका. रस्त्यावर इतकं तापमान सतत राहत नाही. गंगापूर रोडला सिग्नलपासून सिग्नलपर्यंत थ्रॉटल उघडा आणि बंद. ट्रॅकवर लॅपमागून लॅप. शिवाय कंपनीचं कॉम्प्रेशन कमी. आणि गॅस्केटही थोडं दबून जोर खातं. माझे आकडे ढोबळ आहेत, दहा-वीस टक्के इकडे तिकडे होतील. पण दिशा बदलत नाही.

आणखी एक कारण आहे, ते म्हणजे वंगण. पान्याने लावलेल्या जोरातला जवळपास ९० टक्के घर्षणात जातो, निम्म्याच्या आसपास नटाखाली आणि बाकीचा आट्यांत. स्टड ताणायला उरतात दहा टक्के. २५ न्यूटन-मीटर कोरड्या आट्यांवर लावलेस तर स्टडमध्ये साधारण साडेपंधरा किलोन्यूटन येतात. तेच २५ मॉलिब्डेनमची काळी पेस्ट लावून दिलेस तर २६ येतात. आकडा तोच, पान्याची टिकटिक तीच, पण इंजिन थंड असतानाच ८.८ मेला. आधीच्या मालकाने "रेसिंग" म्हणून पेस्ट लावली असेल आणि टॉर्क मॅन्युअलचा ठेवला असेल, तर मला नवल वाटणार नाही.

सिडको_टूस्ट्रोक

काका, पाईप परत घेतला. पण मग टॉर्क रेंच कशाला ठेवायचा? त्याच्यावर भरवसाच नाही म्हणता.

टूलरूमवाले_काका

ठेवायचा. पण आकडा आपल्याच नटावर, आपल्याच वॉशरवर, आपल्याच वंगणावर काढायचा. कसा ते सांगतो, धुरकटचं रॉकवेल येऊ दे.

ओझरकर

मी एचएएलमधून निवृत्त, मिगच्या लाईनवर होतो. टायटेनियमचा विषय निघालाय म्हणून लिहितो.

टायटेनियम पोलादाच्या जवळपास निम्मं ताठ. म्हणजे तेवढ्याच जाडीचा स्टड दुप्पट लवतो. त्यामुळे टूलरूमवाले काकांच्या गरम हिशेबात ते चक्क चांगलं दिसतं. टायटेनियम पोलादापेक्षाही कमी वाढतं, दर अंशाला मीटरमागे ९ मायक्रॉनच्या आत, म्हणजे वाढीतला फरक जास्त पडतो. पण लवचिकतेने तो भरून निघतो आणि चढणारा जोर पोलादाच्या बारीक दांडीपेक्षाही कमी निघतो. तरी मी ते सुचवणार नाही. टायटेनियमचे आटे एकमेकांना चिकटतात, वंगण जरा कमी पडलं की नट अर्ध्यात जाम होतो. तुम्ही हेड वारंवार उघडणार. आणि बारीकशी चर पडली तरी ते पोलादापेक्षा लवकर तडकतं. लेथवर आटा पाडताना पृष्ठभाग फाटला तर भेग तिथूनच सुरू होते. वजन किती वाचणार? आठ स्टड मिळून मोबाईलच्या वजनाइतकंही नाही.

विमानात अशा ठिकाणी ए २८६ नावाची मिश्रधातू वापरतात. ती दर अंशाला मीटरमागे साडेसोळा मायक्रॉनच्या आसपास वाढते, म्हणजे अॅल्युमिनियमच्या जवळ सरकते, आणि थंड अवस्थेत ओढून तिची ताकद पुष्कळ वाढवता येते. तांत्रिकदृष्ट्या तुमच्यासाठी सगळ्यात सुंदर. पण खुल्या बाजारात ८ मिमीचा दांडा प्रमाणपत्रासह मिळवणं म्हणजे गाडीपेक्षा मोठा प्रकल्प होईल.

चकचकीत स्टेनलेसच्या मोहात मात्र पडू नका. बाजारातलं ए २-७० म्हणजे ४५० एमपीएला लांबायला लागतं. ८ मिमीला साडेसोळा किलोन्यूटन. तुमचं थंड इंजिनच तिथपर्यंत पोचतंय.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: जे काही कराल त्यावर झिंक प्लेटिंग करू नका. कडक पोलादावर अॅसिड धुलाई आणि प्लेटिंग करताना हायड्रोजन आत शिरतो. स्टड आवळताना काही होत नाही. रात्रभर उभ्या गाडीत, ताणाखाली, टक्कन तुटतो. कडकपणा सी ३९च्या वर गेला की धोका फार वाढतो, म्हणजे १२.९ बरोबर त्या पट्ट्यात. प्लेटिंगनंतर लगेच २०० अंशांच्या आसपास कित्येक तास भाजावं लागतं, आणि लहान प्लेटिंगवाला ते करेलच याची खात्री नाही. काळं करून तेल लावा, पुरे.

स्पॅनर_१४

टक्कन तुटतो वाचून माझ्या बुलेटच्या चकचकीत १२.९ अॅलन बोल्टांकडे बघतोय. वाचनखूण साठवली.

धुरकट_नाशिककर

रॉकवेल झालं. लांबलेल्या दोन्हीवर आणि एका न लांबलेल्यावर घेतलं. तिन्ही २६ ते २८च्या मधे. म्हणजे काका म्हणाले तसंच, ८.८चा माल आणि टोकावर १२.९चा शिक्का. आधीच्या मालकाला फोन केला. तोही बिचारा फसला, कुठल्यातरी दुकानातून चढ्या भावाने घेतले होते. दुकानाचं नाव इथे लिहीत नाही.

ठरलं, ईएन २४. अंबडला एका ओळखीच्या युनिटमध्ये १० मिमीचा दांडा मिळाला, टेस्ट सर्टिफिकेटसकट. लेथवाला मात्र पिंपळगावचा, आणि तो सध्या द्राक्षबागांच्या फवारणीच्या ब्लोअरमध्ये बुडालाय, ऑक्टोबर छाटणी झालेली. म्हणतो ड्रॉइंग नीट आण, परत परत विचारणार नाही. काका, ड्रॉइंग?

टूलरूमवाले_काका

घे लिहून.

खाली क्रँककेसमध्ये जाणारा आटा १.२५चाच, जाडा. अॅल्युमिनियममध्ये जाडा आटा धरतो. आत किमान १६ मिमी गेला पाहिजे, म्हणजे व्यासाच्या दुप्पट. वरचा, नटाचा आटा १ मिमीचा बारीक कर. तिथे पोलादावर पोलाद आहे, बारीक आट्याला मुळाशी जास्त धातू उरतो आणि आवळताना हातात नेमकेपणा येतो. १०चा ग्रेड असलेले नट शोध, आणि डोम नट नको. डोम नट आतून टोकाला टेकला की पाना टिकटिक करतो आणि हेड तसंच सैल.

मधली दांडी ६.६. दोन्ही टोकांना आट्यापासून दांडीपर्यंत उतार गोलाईने दे, काटकोनात पायरी ठेवलीस की भेगेला आमंत्रण. आट्याच्या मुळाशीही टूलला गोलाई हवी, पाजळताना टोकदार ठेवू नको म्हणावं. सिलिंडर जागेवर धरायला डॉवेल (नेमक्या जागी बसवणाऱ्या पिना) नसतील तर सिलिंडरच्या तळाशी आणि हेडच्या सांध्यापाशी आठ-दहा मिमी रुंद, ८ मिमी व्यासाचा गळा राहू दे, नाहीतर बारीक दांडीमुळे सिलिंडर बसवताना सरकतो.

आटे रोल केलेले, म्हणजे न कापता दाबून पाडलेले, असते तर उत्तम, त्यातही हीट ट्रीटमेंटनंतर रोल केलेले सगळ्यात दमदार. मुळाशी धातू दाबला जातो, तडा सहसा सुरू होत नाही. पण रोलिंगवाला तुझ्या आठ नगांसाठी मशीन लावणार नाही, हजारोंच्या ऑर्डरवर ते चालतं. मग लेथवर पाडलेला आटा, गुळगुळीत, आणि मुळाशी गोलाई. या कामाला चालेल.

हीट ट्रीटमेंट: लाल तापवून तेलात विझवायचा, मग ५५० अंशांच्या पुढेमागे टेम्पर, म्हणजे पुन्हा तापवून ठिसूळपणा घालवायचा. त्याला अंशांत सांगू नकोस, कडकपणात सांग: सी ३५ ते ३७. आणि बजावून सांग की ठिसूळपणाच्या पट्ट्यात, २५० ते ४००च्या मधे टेम्पर करू नको. तुझ्या आठ नगांसाठी वेगळी भट्टी कुणी लावणार नाही, तसल्याच कडकपणाच्या दुसऱ्या कुणाच्या मालात टाकायला सांग. उभे टांगून कर म्हण, आडवे टाकले तर वाकतील. आटे आधी पाडणार असलास तर ट्रीटमेंटनंतर डाय (बाहेरचे आटे कापायचं हत्यार) फिरवू नको, नुसता नट घालून बघ.

वॉशर हार्ड हवेत. साधा वॉशर नटाखाली बशीसारखा दबतो आणि तेवढी पकड जाते. हेडच्या अॅल्युमिनियमवर साधा वॉशर वर्षभर राहिला की त्याचा गोल ठसा दिसतो, तो ठसा म्हणजे हरवलेला ताण.

एक नग जास्तीचा कर. तो इंजिनात जाणार नाही, त्याच्यावर मोजायचं आहे.

देवळाली_बोनी

काका, माझ्या ट्रायम्फच्या बोल्टांना जुने ब्रिटिश सायकल थ्रेड आहेत, इंचाला २६ आट्यांचे, ६० अंशांचे. कुणी तीन अष्टमांश इंची बीएसएफ (ब्रिटिश बारीक आटा) चालेल म्हणतं.

टूलरूमवाले_काका

बीएसएफ ५५ अंशांचा आणि तीन अष्टमांशला २० आटे. बसणारच नाही, आणि जबरदस्तीने बसवला तर ब्लॉकचे आटे गेले. सायकल थ्रेडचाच डाय हवा. जुन्या ब्रिटिश ड्रॉइंगवर ५५ टन (चौरस इंचाला) लिहिलेलं असेल तर ते ८५० एमपीएच्या आसपास, म्हणजे आपल्या ८.८च्या थोडं वर. तुमचा ब्लॉक कास्ट आयर्नचा, त्याची वाढ पोलादासारखीच, त्यामुळे धुरकटएवढा गरमीचा त्रास नाही. फक्त हेड अॅल्युमिनियमचं. तुम्हाला ईएन १९ पोलाद टी स्थितीत, म्हणजे आधीच कडक केलेलं, मिळालं तरी भागेल, हीट ट्रीटमेंटच्या भानगडीत न पडता.

ओझरकर

वरच्या ड्रॉइंगला माझी एकच जोड. ट्रीटमेंट झाल्यावर आठही नग एका ओळीत ठेवून प्रत्येकाचा कडकपणा स्वतः पाहा, एकावर नको. मात्र ठसा टोकाच्या सपाट भागावर घ्या, दांडीवर नाही.

धुरकट_नाशिककर

स्टड आले. कडकपणा आठांचा ३५ ते ३६.५. एक वाकला होता, तो बाजूला काढला; म्हणून नववा, जास्तीचा, इंजिनात गेला आणि वाकलेला सरळ करून मोजणीला ठेवला.

मोजणी काकांच्या फोनवरच्या सूचनेप्रमाणे केली. जाड पोलादी नळी, १०० मिमी लांब, दोन्ही तोंडं ग्राइंड केलेली. त्यातून स्टड, खाली नट, वर वॉशर आणि नट, जसं इंजिनात असतं तसं. दोन्ही टोकांना मायक्रोमीटर लावून लांबी घ्यायची, आवळायचं, पुन्हा लांबी. १५ किलोन्यूटनला या आकाराचा स्टड ०.२१ मिमी लांबतो असं काकांनी काढून दिलं होतं.

कोरड्या आट्यांवर पहिल्यांदा २२ न्यूटन-मीटरला बरोबर ०.२१ आलं. तोच नट सोडून पुन्हा लावला तर त्याच २२ला ०.१९. आणखी एकदा, ०.१७. नटाखालचा भाग खरवडल्यासारखा दिसायला लागला होता, सगळा जोर तिथे जात होता. मग सगळं पुसून मॉलिब्डेनम पेस्ट लावली, आट्यांवर आणि नटाच्या तळाला. १५ न्यूटन-मीटरला ०.२१. सोडलं, पुन्हा लावलं, ०.२१. पुन्हा, ०.२१. सोडल्यावर प्रत्येक वेळी मूळ लांबीवर परत.

म्हणजे माझ्या इंजिनाचा आकडा १५, मॅन्युअलच्या आकड्याशी त्याचा संबंध नाही.

क्रँककेसच्या भोकांत कापणारा टॅप न घालता जुन्या स्टडला खाचा पाडून त्यानेच आटे साफ केले. सातांमध्ये स्टड हाताने शेवटपर्यंत गेला. आठव्यात, लांबलेल्या दोनपैकी एकाच्या जागी, डगडगतोय.

टूलरूमवाले_काका

त्या एकाला हेलिकॉइल, दोन पट लांबीची, म्हणजे १६ मिमी. भोक ड्रिल मशीनवर क्रँककेस पकडून कर, हातातल्या ड्रिलने तिरकं गेलं तर स्टड तिरका आणि मग तो सिलिंडरला घासतो. अॅल्युमिनियममध्ये नीट बसवलेली हेलिकॉइल मूळ आट्यापेक्षा सरस असते, तिचा बाहेरचा व्यास मोठा असतो ना. इतर सातांना हात लावू नकोस.

स्टड क्रँककेसमध्ये हाताने बसव, तळाला टेकला की पाव फेरा मागे. पान्याने आवळून बसवलेला स्टड तळाशी भोकाला पाचरीसारखा फाकवतो. थोडं लॉकिंगचं द्रव चालेल, त्यात काही विशेष नाही.

आवळणी आडव्या जोड्यांत, ५, १०, १५. तांब्याचं गॅस्केट वापरणार असलास तर लाल होईपर्यंत तापवून पाण्यात टाक, मऊ होतं. एकदा दबलेलं तांबं कडक होतं, ते तसंच परत लावू नको.

सिडको_टूस्ट्रोक

मी पण आरएक्स उघडतोय. पाईप भंगारात दिला. :)

धुरकट_नाशिककर

अपडेट. हेलिकॉइल सातपूरला बसवून घेतली, स्टड काटकोनात उभा आहे, दोन बाजूंनी गुण्या लावून पाहिला. इंजिन बसलं. ओळखीच्या फार्महाऊसच्या रस्त्यावर दोनदा चांगलं तापवलं, रात्रभर थंड होऊ दिलं. सकाळी प्रत्येक नट एकेक करून पाव फेरा सोडून पुन्हा १५ला लावला, आधी नटावर आणि हेडवर मार्करने रेघ मारून. सहा नट रेघेवरच थांबले. सायलेन्सरच्या बाजूचे दोन किंचित पुढे गेले, रेघेच्या जाडीइतके. गॅस्केट बसलं असणार. पुन्हा तापवून थंड केलं, आता आठही रेघेवर. सांध्याला साबणाचं पाणी लावून किक मारली, फेस नाही.

काका, कारीहून आल्यावर पुन्हा बघू का?

टूलरूमवाले_काका

बघ. आणि हेड पुढच्या वेळी काढशील तेव्हा स्टड बाहेर काढून लांबी मोज, आज लिहून ठेवलेल्या लांबीशी ताड. दोन-तीन शतांशाने वाढलेला दिसला तर तो बाद. मोजणीचा स्टड इंजिनात घालू नको, एकदा वाकून सरळ केलाय तो.

देवळाली_बोनी

धुरकट, दांड्याचा तुकडा उरला असेल तर सांग. आणि कुणाकडे तीन अष्टमांश सायकल थ्रेडचा डाय आहे का? नाशिक रोडपर्यंत येऊन घेईन, दोन दिवसांत परत.

ओझरकर

डाय माझ्याकडे आहे, पण जुना, धार बघून घ्या. निरोप पाठवतो.